किमान वेतनात हजाराची वाढ झाली तर बिलात किती?

प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीत सफाईला कंत्राटदाराचे सहा कामगार आहेत. किमान वेतन महिना १,००० रुपयांनी वाढलं म्हणून तो माणशी २,१०० रुपये जादा मागतोय. हे रास्त आहे का? आणि सरकार असं वेतन वाढवत राहिलं तर शेवटी कामगारांचंच काम जात नाही का?

२,१०० रास्त नाहीत, पण १,००० सुद्धा पुरणार नाहीत. कायद्याने चालणाऱ्या कंत्राटदाराचा आकडा १,६५० च्या आसपास येतो. तो कसा येतो हे कळलं की दुसऱ्या प्रश्नाचंही निम्मं उत्तर मिळतं.

हिशेबापुरतं मूळ वेतन अधिक महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता मिळून १४,००० धरू. (महाराष्ट्रात तुमचा खरा दर परिमंडळ, म्हणजे तुमचा भाग कोणत्या विभागात येतो ते, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गांवर ठरतो. विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. कंत्राटदाराकडून कामगार आयुक्तांचं चालू परिपत्रक मागूनच घ्या.) यावर मालकाचा ईपीएफ (भविष्यनिर्वाह निधी) १२ टक्के, म्हणजे १,६८०, आणि ठेव संलग्न विमा व प्रशासकीय शुल्क मिळून १ टक्का, १४०. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के, ४५५. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. इथे बरेच जण चुकतात. बोनस ७,००० वर नव्हे, तर ७,००० किंवा किमान वेतन यांत जे जास्त असेल त्यावर काढतात, म्हणून वेतन वाढलं की बोनसही वाढतो. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ६७३. बेरीज १८,११४. कंत्राटदाराचं सेवाशुल्क ८ टक्के धरलं तर १,४४९. झाले १९,५६३. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,५२१. सोसायटीचा धनादेश निघतो २३,०८४ रुपयांचा.

आता कामगाराच्या बाजूने बघा. १४,००० मधून त्याचा ईपीएफ १,६८०, ईएसआय १०५, व्यवसाय कर २०० वजा. हातात १२,०१५. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा ११,९१५.

मधले ११,०६९ रुपये सगळे कुणी खाल्ले असं समजू नका. त्यातले ५,१९९ त्याचेच आहेत, फक्त पुढे मिळणारे: दोन्ही बाजूंचा भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचा भाग, बोनस, ग्रॅच्युइटी. ईएसआयचे ५६० त्याच्या कुटुंबाच्या औषधपाण्याचे. पण ३,७२१ रुपये निव्वळ कर आहे. जीएसटीचा अर्धा वाटा राज्याचा, म्हणजे १,७६०, आणि व्यवसाय कराचे २००. दरमहा बारा हजार घरी नेणाऱ्या एका माणसाच्या कामावर एकटं राज्य सरकार साधारण १,९६० रुपये घेतं. किमान वेतनाच्या वादात मालक, कामगार आणि कंत्राटदार येतात, हा चौथा वाटेकरी मात्र येत नाही. माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे.

हजाराच्या वाढीला हेच गणित लावा: १,००० चे मालकाला १,२९४, सेवाशुल्क धरून १,३९७, जीएसटीसह १,६४९. कामगाराच्या हातात पडतात ८७२. आणखी एक गोष्ट: वेतन १५,००० च्या पुढे गेलं की ईपीएफ १५,००० वर थांबवता येतो. तिथून पुढच्या हजाराचं बिल १,४८३ च होतं. पुढच्या वाढीतही कंत्राटदाराने १३ टक्के तसेच लावले असतील, तर त्याला विचारा की तो खरंच पूर्ण वेतनावर भरतो का. भरत असेल तर उत्तमच, पण ईपीएफ भरल्याच्या चलनावर (पावतीवर) ते दिसलं पाहिजे.

सोसायटीला जीएसटी इतका जड जातो, कारण तिला त्याचा परतावा नाही. कारखाना हाच कामगार कंत्राटदाराकडून घेतो आणि भरलेला जीएसटी आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करतो. त्याला हजाराची वाढ १,३९७ ला पडते. रुग्णालय, शाळा, नोंदणी नसलेली सोसायटी यांना तीच १,६४९ ला. वाढ एकच, कायदा एकच, पण कर कुठे अडकतो त्यावर बोजा बदलतो. थेट पगारावर माणूस ठेवला तर पगारावर जीएसटी लागतच नाही. मग सोसायट्या थेट ठेवायला लागतात. पण ईपीएफ २० कामगारांपासून आणि ईएसआय १० पासून बंधनकारक आहे, सहा जणांना दोन्ही सुटतं. सरकारचा कर गेला, सोसायटीचे पैसे वाचले आणि कामगाराचा निधीही गेला. थेट ठेवायचंच ठरवलंत तर वाचलेल्या पैशांतून ईपीएफला स्वेच्छेने नोंदणी करा. तशी सोय कायद्यात आहे.

आता कामं जातात का? पाठ्यपुस्तकातलं उत्तर ‘हो’ असं आहे. पण १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्ट फूड दुकानं तपासली आणि त्यांना रोजगार घटलेला दिसला नाही. त्यावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली. ते सूत्र उचलून आपल्याकडे लावू नये, पण ‘वाढ म्हणजे कपात’ हा नियम नाही एवढं त्यातून नक्की निघतं.

आपल्या राज्यातलंच उदाहरण जास्त बोलकं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने भरायचं आणि त्यातून दुष्काळी भागात हाताला काम द्यायचं, अशी ती सरळ रचना होती. १९८८ मध्ये शेतमजुरीचं किमान वेतन वाढलं आणि हमीच्या कामांवरची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ च्या अभ्यासात दाखवलं की त्यानंतर कामावरची हजेरी अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहिली. लोकांना काम नको होतं म्हणून नव्हे. मागणी होती, पण तेवढी कामं उघडली गेली नाहीत. हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात काम वाटून मिळायला लागलं. यातून मी असं वाचतो की वाढीव मजुरी चुकीची नव्हती. वेतन वाढवताना ते देणारी तिजोरी वाढवली नाही, ते चुकलं.

व्यवसाय कराचं पुढे काय झालं तेही बघा. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा होती, ती १९८८ मध्येच साठाव्या दुरुस्तीने २,५०० झाली. आजही ती २,५०० च आहे. त्यामुळे महिना पाच लाख कमावणारा आणि तुमच्या जिन्यावर पोछा मारणारा पुरुष कामगार दोघेही वर्षाला तेवढेच भरतात. पुरुषांना सूट ७,५०० पर्यंत, १०,००० च्या वर पूर्ण कर. पूर्ण महिना भरलेला कामगार आता बहुतेक उद्योगांत किमान वेतनावरच त्या रेषेच्या पुढे असतो. गरिबाला रोजगार मिळावा म्हणून आलेला कर गरिबाच्याच पगारातून जातो, हे मला अजिबात पटत नाही. स्त्रियांसाठी राज्याने एप्रिल २०२३ पासून सूट २५,००० पर्यंत नेली. पुरुषांसाठी ती निदान किमान वेतनाच्या वर ठेवायला काहीच अडचण नसावी. तुमच्याकडच्या महिला कामगारांच्या पावतीवर २०० रुपये कापलेले दिसले तर ताबडतोब विचारा. जुनं सॉफ्टवेअर बदललेलं नसतं आणि कपात चालूच राहते.

तर कंत्राटी सफाईत वाढीनंतर काय होतं? सहसा कुणाला उघडपणे काढत नाहीत. हळूच सहाचे पाच होतात आणि जिने तेवढेच राहतात. किंवा आठ तासांची पाळी बारा तासांची होते आणि जादा तासांचे दुप्पट दराने पैसे मिळत नाहीत. सगळ्यात जास्त चालणारी युक्ती हजेरीत असते. दर बरोबर दाखवायचा, दिवस कमी दाखवायचे. १४,००० भागिले २६ म्हणजे रोज ५३८.४६. माणूस २६ दिवस येतो, ईपीएफच्या चलनात २० दिवसांचे १०,७६९ दिसतात, उरलेलं रोखीत किंवा ‘भत्ता’ म्हणून, नाहीतर मिळतच नाही. कागदावर किमान वेतनाचा भंग कुठेच नाही. तुमच्याकडे मात्र गेटवरची नोंदवही आहे. एका कामगाराचा एक महिना घ्या आणि नोंदवही, हजेरीपट, ईपीएफच्या चलनासोबतची नावनिशीवार यादी आणि बँकेत जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी ठेवा. चारही जुळले तर कंत्राटदार चांगला आहे, त्याला १,६५० बिनतक्रार द्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्यात वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरतात. वेतन छोटं आणि भत्ते मोठे दाखवून ईपीएफ, ग्रॅच्युइटी वाचवायची सोय त्याने बरीच आवळली. वरच्या हिशेबात मी विशेष भत्त्याशिवाय दुसरे भत्ते धरलेच नाहीत ते यासाठीच.

करारात तीन गोष्टी घाला. सेवाशुल्क टक्क्यांत न ठेवता माणशी ठरावीक रुपयांत ठेवा. टक्केवारीत किमान वेतन वाढलं की काही न करता कंत्राटदाराचा नफा वाढतो, आणि तुमच्या २,१०० मध्ये हाच भाग फुगवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. बोनस आणि ग्रॅच्युइटी दरमहा बिलात देऊ नका. कंत्राटदार बदलला की ती रक्कम बहुतेक वेळा कामगारापर्यंत पोचत नाही. बोनस दिवाळीआधी, बँकेत जमा केल्याचा पुरावा बघून द्या. ग्रॅच्युइटी वेगळ्या खात्यात बाजूला ठेवून देय झाल्यावर द्या. असा करार झाला की दरमहाच्या १,६५० मधून हे भाग कमी होतील. आणि जानेवारी-जुलैची वाढ परिपत्रकाच्या प्रतीसह, वर दिलेल्या क्रमाने फोड करूनच मान्य होईल असं लिहून घ्या. फरकाची थकबाकी मागितली तर आधी ती कामगारांना दिल्याचा बँकेचा तपशील घ्या, मग बिल पास करा.