‘सांगाडा’ की ‘धड’?

प्रश्न : मी भाषांतराची कामे करतो. तेलवाहू जहाजांवरील एका लेखात ‘हल’ हा शब्द वारंवार येतो. त्यासाठी मी ‘सांगाडा’ असे लिहीत गेलो. मात्र ‘डबल हल’साठी ‘दुहेरी सांगाडा’ लिहिताना लेखणी अडखळली. योग्य शब्द कोणता?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपली लेखणी योग्य ठिकाणी अडखळली. लाकडी होडी बांधताना आधी तळाचा कणा, ज्याला कोकणात ‘पठाण’ म्हणतात, घालून त्यावर फासळ्यांसारखी वळणदार लाकडे बसवतात, तेवढाच सांगाडा. त्यावर फळ्या चढून सांधे बुजल्यावर पाणी बाहेर ठेवणारे व नौकेला तरंगत ठेवणारे जे सबंध अंग तयार होते, त्याला ‘हल’ म्हणतात. आपल्या वैनगंगेवरचा, एकाच खोडातून कोरलेला डोंगा आठवून पाहावा. त्यात फासळी नाही, म्हणजे सांगाडाही नाही. पण तो जवळजवळ सगळाच ‘हल’ आहे.

या अर्थासाठी आम्हांला ‘धड’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. डोके आणि हातपाय वगळून जे उरते ते जसे शरीराचे धड, तसे डोलकाठी, शीड, सुकाणू आणि यंत्रे वगळून जे उरते ते नौकेचे धड. (विम्याच्या व्यवहारात मात्र ‘हल’मध्ये यंत्रसामग्रीही धरतात.) अर्थात ‘जहाजाचे धड सापडले’ असा मथळा दिल्यास वाचक शिर शोधू लागेल, हे आम्ही जाणतो, तेथे ‘जहाजाचा मुख्य भाग’ म्हणून वेळ निभावावी.

‘डबल हल’ला मात्र ‘धड’ चालणार नाही. इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ धान्याचे टरफल असा आहे, आणि जहाजाचा अर्थ बहुधा त्यावरूनच आला असावा. भंडारा-गोंदियाकडे धान भरडण्याच्या यंत्राला ‘हलर’ म्हणतात, तो याच कुळातला. तेलवाहू जहाजात तळाशी आणि दोन्ही कुशींना, मध्ये पोकळी सोडून, एकात एक असे दोन जलरोधक थर असतात, जेणेकरून बाहेरचा फुटला तरी तेल आत राहावे. 1989 मध्ये ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून प्रचंड तेलगळती झाल्यानंतर अमेरिकेने 1990 च्या कायद्याने अशी रचना टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. म्हणून येथे ‘दुहेरी कवच’ लिहावे.

दोन समांतर अंगे वरच्या फलाटाने जोडलेली कॅटामरान ही याहून निराळी गोष्ट आहे. तिचे नाव ‘बांधलेली लाकडे’ अशा अर्थाच्या तमिळ ‘कट्टुमरम’वरून आले आहे. तिला ‘दुहेरी कवचाची’ म्हणू नये. ती ‘दोन धडांची नौका’ होय.