चिखलदऱ्याच्या घाटात बूस्टचा आकडा काहून वाढते?

प्रश्न: भाऊ, नमस्कार. माह्याजवळ डिझेल टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेली एसयूव्ही आहे, ओबीडीचं (गाडीच्या सेन्सरचे आकडे वाचणारं) यंत्र लावून मोबाईलवर बूस्ट पाहत राहतो. परतवाड्याच्या सपाट रोडवर पूर्ण दाबली की 15 पीएसआय (दाबाचं माप), अन् चिखलदऱ्याले वर पोचलो की 16 दाखवते. आकडा वाढला तर ताकद वाढाले पाहिजे ना, पण गाडी खालच्या आरपीएमले उलट सुस्त वाटते. मेकॅनिक म्हणते टर्बो जाऊन राहिला, बदला. मित्राच्या जुन्या टर्बो गाडीले नळीवालं मीटर आहे, त्याचा आकडा खाली-वर सारखाच. खरं काय समजावं?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर: दादा, एवढ्यावरून टर्बो बदलू नका. तुम्ही लिहिलेले आकडे धडधाकट गाडीचेच दिसतात.

बूस्ट म्हणून जे दिसतं तो हवेचा पूर्ण दाब नसतो, बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढाच फरक असतो. घरासमोरचा ओटा डोळ्यापुढे आणा. भिंतीची उंची ओट्यावरून मोजली तर एक येते, जमिनीपासून मोजली तर दुसरी, आणि ओटा जरा खचला तर भिंत होती तिथेच असूनही ओट्यावरून ती उंच भरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 101 किलोपास्कल असतो, परतवाड्याला 97 च्या आसपास, आणि चिखलदरा 1,100 मीटरवर असल्यामुळे तिथे 89 च्या जवळपास. आता समजा तुमच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या नळीत) एकूण 200 किलोपास्कल पाहिजे. खाली 200 वजा 97 म्हणजे 103, ते झाले 15 पीएसआय. वर 200 वजा 89 म्हणजे 111, ते झाले 16. एकूण दाब तोच, खचला तो ओटा.

मग सुस्ती कशाची? टर्बो फिरायला लागेपर्यंत इंजिन बाहेरच्याच हवेवर चालतं आणि ती हवा वर आठेक टक्क्यांनी पातळ, शिवाय तेच 200 गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं म्हणून तो भरायला उशीर लावतो. एकदा भरला की तुमची गाडी ताकदीत फारशी कमी पडणार नाही, साध्या बिनटर्बोच्या गाडीला मात्र ती घट शेवटपर्यंत सोसावी लागते.

मित्राच्या गाडीचं वेगळं आहे. तिथे वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेतच दाब तोलते, त्यामुळे मीटर खाली-वर तेच दाखवणार, पण मीटरवर समजा 100 किलोपास्कल असेल तर एकूण दाब 197 चा 189 झाला तरी ते मीटर काही बोलत नाही. म्हणजे आकडा हलला नाही त्या गाडीने खरी हवा गमावली आणि ज्या गाडीचा हलला तिने राखली. लोक नेमकं याच्या उलट समजतात आणि चांगले टर्बो खोलून ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि ॲपमध्ये बूस्ट नाही, मॅप सेन्सरचा (इनटेकमधला एकूण दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा बघा. इंजिन बंद म्हणजे आत-बाहेर एकच हवा. मी मागच्या मे महिन्यात धामणगाव गढीच्या पुढे घाट सुरू व्हायच्या आधी पाहिलं तर 97, वर पोचून पाहिलं तर 89. वर पाण्याची बाटली रिकामी करून झाकण घट्ट लावलं होतं, खाली आलो तर ती कुशीत दबलेली होती. सेन्सरने जे आकड्यात सांगितलं तेच बाटलीने सांगितलं.

एक सांभाळा, काही ॲप बाहेरचा दाब न मोजता सरळ 101 वजा करतात. अशा ॲपवर चावी ऑन केली की चिखलदऱ्याला बूस्ट शून्याच्या खाली, उणे पावणेदोन पीएसआयच्या आसपास दिसतो. तो बिघाड नाही.

टर्बो खरंच गळत असेल तर गोष्ट वेगळी दिसते. स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यात लोडवर मोठा फरक पडतो, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपच्या जोडावर ताजं ऑइल दिसतं, दाबली की फुस्स आवाज येतो. हे काही नसेल तर पैसे खिशात ठेवा.

आणि आपल्याकडच्या उन्हाचंही बघा ना. 45 डिग्रीची हवा 15 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण नऊ टक्के पातळ असते, म्हणजे मे महिन्यात परतवाड्यात उभ्या उभ्याच गाडी जवळपास एक चिखलदरा चढलेली असते, आणि त्या दिवशी वर 30 डिग्री असेल तर खालच्या-वरच्या हवेच्या दाटपणात चारेक टक्क्यांचाच फरक उरतो. दाबाच्या मीटरला हे दिसत नाही, कारण ते दाब मोजतं, हवा किती दाट आहे ते नाही.

प्रश्न: अशीच टर्बो गाडी घेऊन जूनमध्ये लेहला जायचं आहे. बूस्ट अजून वाढेल का?
— एक वाचक, मोर्शी

उत्तर: तिथे उलटं होऊ शकतं. लेह 3,500 मीटरवर आहे, हवेचा दाब 66 च्या आसपास. तिथे 200 करायचे म्हणजे टर्बोला बाहेरच्या हवेच्या तिप्पट दाब द्यावा लागेल, आपल्याकडे दुपटीच्या थोडं वर लागतं. एवढं फिरवलं तर टर्बोची चाकं मर्यादेबाहेर जातील, म्हणून ईसीयू मागणीच कमी करतो आणि ताकद घटते. ते मुद्दाम केलेलं असतं, तेव्हा रिमॅप करून (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून) ती मर्यादा काढून घेतलेली गाडी तिकडे नेऊ नका. चढ संपल्यावर मिनिटभर आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवून मगच बंद करा.