खडकाळ वाटेवरच्या गाडीची बैठक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे बारा वर्षे वापरलेला, चार दारांचा, फोर बाय फोर पिकअप आहे. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर महिन्यातून एकदा आम्ही मुरबाड-माळशेजच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जातो. चार तास गाडी चालवली की माझ्या कंबरेत कळ येते, आणि तीव्र उतारावर मी सीटवरून पुढे घसरतो. कुर्ल्याला एका दुकानात मला शर्यतीच्या गाडीसारखी, उंच कडांची बकेट सीट आणि चार टोकांचा पट्टा दाखवण्यात आला. तेथील कारागीर मूळ सीट काढून फ्लोअरवर लोखंडी अँगल वेल्ड करून देण्यास तयार आहे. माझी उंची सहा फूट व पत्नीची पाच फूट एक इंच असून गाडी आम्ही दोघेही चालवतो. कोणती सीट निवडावी?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ही बकेट सीट आपण घेऊ नये, आणि फ्लोअरला अँगल वेल्ड करून तर कोणतीच सीट बसवू नये. इतके थेट लिहिण्याचे कारण असे की आपल्या पत्रात गादी, पाठ आणि आकार यांविषयी सर्व काही आले आहे, परंतु सीट गाडीला कशी धरलेली असते आणि पट्टा कशाला बांधलेला असतो याविषयी एक शब्दही नाही. अपघातात माणूस जागेवर राहतो की नाही, हे या दोन गोष्टींवर ठरते, आणि दुकानात सीट पाहताना नेमक्या त्याच दिसत नाहीत.

प्रथम आपल्या मूळ सीटखाली वाकून पाहावे. बहुतेक गाड्यांत पट्ट्याचे बक्कल फ्लोअरला नव्हे, तर सीटच्या सांगाड्याला बसवलेले असते. म्हणजे सीट बदलली की पट्ट्याचे एक टोकही बदलते, आणि ते टोक किती भार घेते याची जबाबदारी मूळ उत्पादकाकडून त्या कारागिराकडे जाते. सीट आणि तिची बांधणी यांची जी आंतरराष्ट्रीय मानके आहेत, त्यांत सीटला तिच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट बळ सहन करावे लागते. सीट २० किलोची असेल तर हे बळ ४०० किलोच्या ओझ्याइतके झाले, आणि बक्कल सीटलाच असेल तर त्यावर सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाची ओढ वेगळी. उत्पादकाने सीटचे बोल्ट जेथे दिलेले असतात, तेथे खाली मजबुतीचा आडवा सांधा असतो; बाकीचा फ्लोअर म्हणजे पातळ पत्रा. त्या पत्र्यावर अँगल वेल्ड केला की सांध्याच्या कडेचा पत्रा उष्णतेने कमकुवत होतो, खालचे गंजरोधक लेपन जळते, आणि मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तेथूनच गंज चढू लागतो. वरून रंग मारलेला असल्यामुळे दोन पावसाळ्यांनंतर तो सांधा कसा आहे हे मालकाला कळतही नाही.

आता चार टोकांच्या पट्ट्याविषयी. शर्यतीच्या गाडीत असा पट्टा शोभतो, कारण तेथे त्याच्यासोबत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू न देणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो, खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जाऊन त्या केजला बांधलेले असतात, आणि मांड्यांमधून जाणारा आणखी एक पट्टा कंबरपट्ट्याला वर सरकू देत नाही. आपल्या पिकअपमध्ये यांपैकी काहीच नाही. खांद्याचे पट्टे पाठीमागून खाली फ्लोअरकडे ओढले गेले तर धडकेच्या क्षणी ते मणक्याला खाली दाबतात. मांड्यांमधला पट्टा नसल्यास तेच पट्टे कंबरपट्टा पोटावर ओढून घेतात, आणि शरीर त्याच्याखालून पुढे निसटते. १९५९ साली व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी तयार केलेला तीन टोकांचा पट्टा आज जवळपास प्रत्येक मोटारीत आहे, तो केवळ सवयीने नाही. तो एका हाताने लावता येतो, एरवी माणसाला हलू देतो, झटका बसताच अडकतो, आणि योग्य बसला तर कमरेच्या हाडांवर व खांद्यावर भार घेतो. बकेट सीटच्या उंच कडा या पट्ट्याच्याही आड येतात. पट्ट्याचा कमरेचा भाग हाडावर टेकण्याऐवजी सीटच्या कडेवरून तरंगत जातो आणि पोटावर येतो. पट्ट्यासाठी खाचा नसलेली बकेट सीट मूळ पट्ट्यासोबत वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आपल्या कंबरदुखीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सहन करीत राहावा असे मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या वापराने फोम मधोमध बसतो. माणूस त्या खळग्यात बसला की कमरेचे हाड मागे कलते, पाठीचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि प्रत्येक गचका मणक्यांमधल्या चकतींवर वाकड्या अंगाने येतो. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते, आणि खडबडीत वाटेवर गाडी त्याच लयीत भरपूर हलते. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी केलेल्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या कंपनाला उपाय सुरू करावेत आणि १.१५ च्या वर जाऊच नये, असे म्हटले आहे. हा नियम हौशी चालकाला लागू नाही, परंतु कंपन हे मात्रेसारखे साठत जाते ही त्यामागची समजूत आपल्या उपयोगाची आहे. दर तासाला दहा मिनिटे खाली उतरून चालावे. कमरेला त्याचा फरक पडतो.

तेव्हा खर्च करायचाच असेल तर तो या क्रमाने करावा. सर्वांत आधी शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्यावेत, कारण बारा वर्षांचे थकलेले शॉक बदलले की सीटविषयीची अर्धी तक्रार मिटल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. खडकाळ वाटेवर टायरमधील हवा थोडी उतरवावी आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे. त्यानंतर मूळ सीटची गादी. तिच्या जागी उत्पादकाची नवी गादी मिळत असेल तर उत्तम. मिळत नसेल तर चांगल्या कुशनवाल्याकडून मूळ आकाराचाच, दाट आणि लवचीक फोम कापून घ्यावा. ‘साहेब, दोन इंच वाढवून देतो, मऊ बसाल’ असे तो म्हणेल, आणि प्रेमाने म्हणेल, पण ते मान्य करू नये. दोन इंच उंची वाढली की सहा फुटी माणसाचे डोके छताला भिडते, हेडरेस्ट मानेच्या पातळीवर येतो आणि पट्ट्याचे सर्व कोन बदलतात. गादी मऊ केली तर धडकेत शरीर तिच्यात रुतून पट्ट्याखाली सरकते. याच कारणाने सुटी उशी किंवा जेलचे आसन घालून बसणेही टाळावे. डोके आणि छत यांच्यात किमान एक मूठ राहावी. वाटेवर हेल्मेट घालत असाल तर ती हेल्मेटवरून मोजावी.

उतारावर पुढे घसरण्याचे कारण बहुधा गुळगुळीत रेक्झिनचे कव्हर आणि पुढच्या कडेला दबलेला फोम हे आहे. गादीची पुढची कड मागच्यापेक्षा थोडी उंच असावी आणि मांडीला तिचा आधार मिळावा, परंतु गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा मोकळी राहिली पाहिजे. खरखरीत कापडाचे कव्हर घातले तरी पुष्कळ फरक पडेल.

एवढे करूनही सांगाडाच वाकलेला किंवा गंजलेला निघाला, तर त्याच मॉडेलची, अपघातात न सापडलेल्या गाडीतील किंवा नवी कंपनीची सीट बसवावी. बाहेरची सीट घ्यायचीच असेल तर पाठ मागे-पुढे होणारी, चाचणीचा शिक्का असलेली, आणि आपल्या मॉडेलसाठीच बनवलेल्या ब्रॅकेटने मूळ भोकांत बोल्टने बसणारी असावी. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा दर्जा सांगणारा किमान ८.८ हा आकडा कोरलेला हवा. अंदाज यावा म्हणून सांगतो : एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार-क्रीडा संघटनेच्या नियमांत सीटचे आधार चार जागी, किमान ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टने आणि प्रत्येक जागी ४० चौरस सेंटिमीटर टेकू देणाऱ्या पट्टीसह बसवावे लागतात, आणि तिच्या ८८५५-१९९९ या मानकाची सीट निर्मितीपासून पाच वर्षांनी साधारणतः बाद धरली जाते. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ‘रेसिंग’ सीटवर तारीख शोधावी; बहुतेकदा ती संपलेली असते, किंवा तेथे तारीखच नसते.

आपल्या घरातील उंचीचा फरकही बकेट सीटच्या विरुद्धच जातो. अशा सीटा बऱ्याचदा एकाच जागी पक्क्या बसवल्या जातात. पत्नीचे पाय पेडलपर्यंत पूर्ण पोचले पाहिजेत, आणि तरीही छातीचे हाड स्टिअरिंगच्या मध्यापासून किमान २५ सेंटिमीटर दूर राहिले पाहिजे. सरकणारी मूळ रेल हे दोन्ही साधते. तिची खिटी दोन्ही बाजूंना पूर्ण अडकते ना, हे दर वेळी सीट हलवल्यावर मागे-पुढे जोर देऊन पाहावे.

कोणतीही सीट दुकानातल्या फळीवर ठेवून दोन मिनिटे बसून पाहण्याने काही कळत नाही. ती आपल्याच गाडीत ठेवून, नेहमीचे बूट घालून, क्लच पूर्ण दाबत अर्धा तास बसावे. आखडणाऱ्या पायाला सीटचा दोष बरोबर कळतो.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपमध्ये मागे समोरासमोर दोन लांब बाकडी आहेत. मुलगा सात वर्षांचा व मुलगी तीन वर्षांची आहे. दोघांना कर्जतच्या बाजूला फिरायला नेतो तेव्हा बाकड्यावर जाड गादी घालून कमरेचे पट्टे लावून घ्यावेत काय?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : नाही. हे वाचून आपण नाराज व्हाल याची मला जाणीव आहे, कारण अशा बाकड्यांवर बसून घाट पाहिलेली आपली पिढीच आहे. परंतु आडव्या बाकड्यावर बसलेल्या मुलाचे धड धडकेत बाजूला फेकले जाते. मान आणि कंबर त्या दिशेने झटका सहन करण्यासाठी घडलेली नाही, आणि नुसता कंबरपट्टा लावला तर सगळा भार मऊ पोटावर येतो. नवी थार २०२० साली आली तेव्हा तिच्या एका प्रकारात मागे अशीच आडवी बैठक होती; तो प्रकार थोड्याच काळात बंद झाला आणि पुढे तोंड असलेली मागची सीट राहिली.

पुढे तोंड असलेली मागची सीट आपण स्वतःच्या कल्पनेने बनवून घेऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्यातलाच तपशील आहे. तेव्हा आधी आरटीओमध्ये विचारावे. दरम्यान मुलांना तीन टोकांचे पट्टे असलेल्या बंद गाडीतून न्यावे. मुलीसाठी पाच टोकांच्या पट्ट्याचे बालआसन हवे. मुलासाठी बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारे आसन हवे, त्यामुळे पट्टा मानेवर न येता खांद्यावरून आणि मांड्यांच्या मुळावरून जाईल. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक केला आहे, परंतु मुलांच्या बाबतीत तो दंडाच्या भीतीने लावू नये.

प्रश्न : पावसात चिखलातून परतल्यावर सीट ओल्या होतात. सर्व गाड्यांना बसणारी जलरोधक कव्हरे घातली तर चालेल का?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : पाठीच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लेबल शिवलेले आहे का, ते आधी पाहावे. असल्यास सर्वांना बसणारे घट्ट कव्हर घालू नये. बाजूची एअरबॅग त्या शिवणीतून फाडून बाहेर येते, आणि जाड कव्हर तिला अडवते किंवा भलतीकडे वळवते. आपल्या मॉडेलसाठी शिवलेले, त्या कडेला उघडणारी शिवण असलेले कव्हरच घ्यावे. सीटखालच्या पिवळ्या जोडणीच्या वायरींना स्वतः हात लावू नये.

कव्हर जलरोधक असले तरी शिवणींतून पाणी आत जातेच, आणि जुलैत ते फोममध्ये आठवडाभर राहते. परतल्यावर कव्हर त्याच दिवशी काढावे, दारे उघडी ठेवून पंखा लावावा, आणि रेलमधला चिखल ब्रशने काढून बोल्टवर गंज आहे का ते पाहावे. पट्टा पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबण आणि कोमट पाण्याने पुसावा, ब्लीच वापरू नये, आणि तो ओढलेल्या अवस्थेतच सावलीत वाळवावा. सोडल्यावर तो अडखळत आत जात असेल, किंवा त्याच्या कडा उसवलेल्या दिसत असतील, तर धुण्याच्या पलीकडे गेला असे समजून कंपनीचा नवा पट्टा बसवून घ्यावा.