विक्रेता म्हणतो इम्पीडन्स कार्डिओग्राफीचं (छातीतून बारीकसा करंट सोडून हृदयाचं काम मोजणारं) यंत्र ‘यूएस एफडीए अप्रूव्ह्ड’, म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाने मान्य केलेलं आहे. तेवढ्यावर घ्यावं का?

हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी यंत्र बघताना विक्रेत्याने ५१०(के)चं, म्हणजे एफडीएच्या विक्रीपूर्व परवानगीचं, पत्र पुढे ठेवलं आणि "अमेरिकेची मान्यता आहे डॉक्टर, डोळे झाकून घ्या" म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच उपकरणांच्या परवान्यांची कागदपत्रं करतो. पत्र खरं असेल हो, पण विक्रेता त्यातून जे काढतोय ते त्यात नाही.

५१०(के)मध्ये कंपनीने एवढंच पटवायचं असतं की आपलं यंत्र तिथे आधीपासून कायदेशीर विकल्या जाणाऱ्या एखाद्या यंत्राच्या तोडीचं आहे. ते जुनं यंत्रही बहुधा त्याच्याआधीच्या कुणाच्या तरी आधाराने आलेलं असतं. ही वंशावळ कधीकधी थेट २८ मे १९७६ च्या, म्हणजे तिथला उपकरण कायदा येण्याच्या, पलीकडे जाते. विजेची सुरक्षितता, इलेक्ट्रोडचा त्वचेला त्रास, सॉफ्टवेअर यांच्या चाचण्या होतात. रुग्णांवरचा नवा अभ्यास बहुतेक अर्जांत नसतो. गंमत म्हणजे, ५१०(के) दाखवून सरकारी मान्यतेचा आभास निर्माण करणं ही त्यांच्याच नियमांत (८०७.९७) दिशाभूल ठरते.

या यंत्रात खरी मेख मोजमापातच आहे. छातीचा मूळ इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण २०-३० ओहम, आणि ठोक्यागणिक हलतो तो ०.१-०.२ ओहम. एवढ्याशा हालचालीवरून स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात हृदय किती रक्त ढकलतं ते) काढायचा, म्हणजे सगळी भिस्त सूत्रावर. धडधाकट माणसात ते बरं चालतं. हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या रुग्णांवर एस्केप नावाच्या वैद्यकीय चाचणीचा एक उपअभ्यास झाला होता. त्यात हृदयात नळी (कॅथेटर) घालून मोजलेल्या कार्डियाक आउटपुटशी (मिनिटाला हृदय किती रक्त ढकलतं त्याच्याशी) याचं जेमतेम जुळलं, आणि हृदयातल्या दाबांशी तर फारच कमी. तुम्हाला ते हवंय नेमकं अशाच पेशंटसाठी.

म्हणून पत्रासोबतचं ‘वापर कशासाठी’ सांगणारं पान मागा आणि माहितीपत्रकाशेजारी ठेवून वाचा. पानावर ‘हिमोडायनॅमिक (रक्तप्रवाहाच्या) मापांचं निरीक्षण’ आणि माहितीपत्रकात ‘हार्ट फेल्युअरचं लवकर निदान’ असेल, तर दुसरं वाक्य कंपनीचं, एफडीएचं नव्हे. श्वासागणिक गती बदलणाऱ्या पेसमेकरबद्दल काय इशारा दिलाय तेही बघा. यंत्राच्या करंटने तो फसून जास्त वेगाने चालू शकतो.

बाकी ते पत्र भारतात परवाना म्हणून चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून इथे सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली आली आणि परवाना टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. यंत्र आयात केलेलं असेल तर सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियामक संस्थेचा) एमडी-१५ परवाना मागा, इथे बनलेलं असेल तर वर्गाप्रमाणे एमडी-५ किंवा एमडी-९. त्यावरचं मॉडेलचं नाव यंत्रामागच्या लेबलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. "परवाना प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं, तर ते यंत्र तूर्त इथे विकताच येत नाही.