तापणं आधी, ताणणं नंतर

थंडी सुरू झाली की टेकड्यांवर आणि मैदानांवर पळणारे वाढतात, आणि आमच्याकडे पोटऱ्या नि टाचांबद्दलची पत्रंही. त्यातली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी सकाळी सहाला पळायला निघतो. त्याआधी सोसायटीच्या गेटपाशी वाकून पायाचे अंगठे धरतो, भिंतीला टेकून पोटऱ्या ताणतो, प्रत्येक ताण मिनिटभर मोजून. तरीही पहिले दोन किलोमीटर पोटऱ्या दगडासारख्या असतात, मग आपोआप सुटतात. स्ट्रेचिंग आणखी वाढवू का? (कोथरूड, वय ३४)

उत्तर : वाढवू नका, त्याची वेळ बदला. तुम्ही करता ते स्ट्रेचिंग आहे, वॉर्म-अप नव्हे. जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली कितीही पिळली तरी तेल बाहेर येत नाही. ती आधी उन्हात ठेवावी लागते. स्नायूंचंही तसंच. हालचाल सुरू झाली की रक्त पोटऱ्या-मांड्यांकडे वळतं, स्नायूंचं तापमान चढतं, सांध्यातलं वंगण पातळ होतं. नुसतं ताणून धरल्याने यातलं फारसं काही होत नाही. उलट एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर त्याची ताकद काही वेळ थोडी उतरते. दोन किलोमीटरनंतर पोटऱ्या ‘आपोआप’ सुटतात, म्हणजे तुमचा खरा वॉर्म-अप तेव्हा कुठे पूर्ण होतो. तो पळण्याच्या वेगात होतो, म्हणून दुखतो.

पाच मिनिटं झपझप चाला. मग तीन मिनिटं इतकं हळू पळा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. अंग कोमट झालं की थांबून भिंतीला हात टेका आणि एकेक पाय पुढे-मागे दहादा, मग आडवा दहादा झुलवा. इथे बहुतेकांचं चुकतं: पाय उंच जावा म्हणून कमरेतून झोका देतात आणि पाठीचा खालचा भाग वाकतो. धड स्थिर ठेवून पाय फक्त खुब्यातून हलवायचा, उंची आपोआप वाढते. त्यानंतर चालत-चालत लंजेस, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यांत वाकायचं, प्रत्येक पायावर आठ. पुढचा गुडघा आत कलंडू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं पुढे आहे. दोन्ही पायांवर उभं राहून टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. मग एकेका पायावर आठ. वर जायला एक सेकंद, खाली यायला दोन. उसळी मारून केलं तर पोटरीला काम पडत नाही. शेवटी वीस मीटर गुडघे उचलत आणि वीस मीटर टाचा मागे नितंबाकडे नेत पळा. गुडघे उचलताना अंग मागे रेलत असेल तर गुडघे थोडे कमी उचला. हे सगळं बारा-तेरा मिनिटांत होतं. साधं, सावकाश पळायचं असेल त्या दिवशी मधलं, लंजेसपर्यंतचं गाळलंत तरी चालेल, पण चालणं आणि टाचा उचलणं गाळू नका. पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा मिनिटभर हळू घ्या.

ताणायचंच असेल तर पळून आल्यावर, प्रत्येक स्नायू तीस सेकंद. बरं वाटतं म्हणून करा. त्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं फारसं कमी होत नाही.

एक शंका बुटांची. अलीकडे बूट बदललेत का? टाच आणि चवडा यांच्या उंचीत दहा मिलिमीटर फरक असलेल्या बुटांवरून एकदम चार मिलिमीटरच्या बुटांवर आलात, तर पोटरीवरचा भार वाढतो आणि वॉर्म-अप त्याला पुरा पडत नाही. अशा वेळी नवे बूट आठवड्यातून दोनच दिवस, तेही कमी अंतराला वापरा. आणि एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजून गरम लागत असेल, तर पळणं बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : रोज बारा सूर्यनमस्कार घालून मग पळायला जाते. वेगळा वॉर्म-अप लागतो का? (सहकारनगर, वय ४१)

उत्तर : अर्धा झालेला असतो. लयीत घातलेल्या नमस्कारांनी श्वास वाढतो, खुबे आणि खांदे मोकळे होतात. पण घोटा आणि पोटरीला पळताना जो वारंवार धक्का बसतो, त्याची तयारी त्यात नाही. पहिले चार नमस्कार सावकाश घाला आणि पहिल्या-दुसऱ्यात हस्तपादासनात गुडघे किंचित वाकवा. अंथरुणातून उठल्या-उठल्या पाठीवर पूर्ण वाकण्याचा भार नको. मग तीन मिनिटं चालणं, वर सांगितलेलं टाचा उचलणं, आणि निघा. मात्र नमस्कार घालून चहा घेत पेपर वाचत बसलात तर पंधरा-वीस मिनिटांत अंग पुन्हा निवतं, मग ते हिशेबात धरू नका.

प्रश्न : वय ५८. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तळजाईच्या पायथ्याशी स्कूटर लावतो आणि थेट चढावर पळू लागतो. सुरुवातीला धाप लागते, घड्याळात मात्र ठोके फारसे वाढलेले दिसत नाहीत. (धनकवडी)

उत्तर : काका, स्कूटर थोडी अलीकडे लावा. सपाटीवर दहा मिनिटं चाला आणि पहिला चढही चालतच चढा. पळणं वर, सपाट भागात. चढावर टाच खाली राहते, म्हणजे पोटरी आणि टाचेमागची शीर ताणलेल्या स्थितीतच जोर लावतात, आणि हृदयाला एका मिनिटात मोठी उडी घ्यावी लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके फारसे वाढू देत नाहीत. म्हणून घड्याळावर विसंबू नका, बोलण्यावर विसंबा: वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. तुमची गोळी त्यातली आहे का आणि चढावर पळणं चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यांतलं काही आलं तर तिथेच थांबा, मदत मागा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत टेकडी पूर्ण करू नका.

प्रश्न : डिसेंबरमध्ये दहा किलोमीटरची स्पर्धा आहे. मागच्या वेळी छान वॉर्म-अप केला, पण सुरुवातीच्या रांगेत अर्धा तास उभं राहून पुन्हा गारठलो. (वाकड, वय २७)

उत्तर : वेळापत्रक उलटं मोजा. दहा मिनिटं हळू पळणं अशा बेताने संपवा की स्पर्धा सुरू व्हायला साधारण वीस मिनिटं उरतील. मग पाय झुलवणं, आणि ऐंशी मीटरच्या चार धावा. या धावांत वेग हळूहळू वाढवत पूर्ण ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत न्यायचा आणि तसाच हळूहळू सोडायचा. दोन धावांच्या मध्ये मिनिटभर चालायचं. चारही धावा जीव तोडून पळालात तर सुरुवातीच्या रेषेवरच पाय जड होतात.

रांगेत जाताना अंगावर जुना फुल बाह्यांचा शर्ट ठेवा. तिथे टाचा उचला, जागच्या जागी पावलं टाका. सुरुवातीला पाच मिनिटं असताना जागेवरच पंधरा-पंधरा सेकंद गुडघे उचलून पळा, तीनदा. पुढे कधी पूर्ण मॅरेथॉन पळणार असाल तर यातलं बहुतेक सोडून द्या. ४२.१९५ किलोमीटरसाठी स्नायूंतली साखर जपायची असते, तेव्हा पाच मिनिटं चालणं पुरे, आणि पहिले दोन किलोमीटर हाच वॉर्म-अप.