डीपीएफचा दिवा पेटलाय, एफडी मोडू का?

पुण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं. २०२१ची डिझेल एसयूव्ही, ६२,००० किलोमीटर झालेली. डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागतोय, ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलंय, आणि गाडी बंद केल्यावरही पंखा बराच वेळ घरघरत राहतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं, फिल्टर बदला, १,३८,००० रुपये. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, २८,०००त काढूनच टाकतो, परत कटकट नाही. दीर म्हणतात, विकून नवी घ्या. डीलर आहे त्या स्थितीत ५.२५ लाख देतोय. अशाच धडधाकट गाड्या पावणेसात लाखांना जातात. घरखर्च महिना ५५,०००, अडीअडचणीची एफडी ३ लाख. एफडी मोडायची, कर्ज काढायचं की गाडी विकायची?

ताई, तूर्त यातलं काहीच करू नका. तुमच्यासमोर तीन आकडे आहेत, पण बिघाड नेमका काय हे कुणीच सांगितलेलं नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत: गेल्या दिवाळीपासून सासू-सासरे पुण्यातच राहायला आले, त्यामुळे दर शनिवारची साताऱ्याची फेरी बंद झाली. दुखणं मला तिथंच दिसतं. एप्रिल २०२० पासून देशभर धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांना हा फिल्टर जवळपास अटळ झाला. तो धुरातली काजळी अडवतो आणि अधूनमधून सुमारे ६०० अंशांना स्वतःच जाळून टाकतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. पूर्वी हे काम साताऱ्याचा हायवे दर आठवड्याला फुकटात करत होता. आता गाडी रोज सिंहगड रोडच्या गर्दीतून नऊ किलोमीटर रांगते, जाळणं सुरू होतं आणि तेवढ्यात तुम्ही पार्किंगमध्ये चावी काढता. नंतर घरघरणारा पंखा हे बहुधा त्या अर्धवट राहिलेल्या कामाचंच लक्षण.

उद्या सकाळी इंजिन गार असताना एक गोष्ट स्वतः बघा. ऑइलची डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) काढा, पुसा, परत घालून काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका. बहुतेक गाड्यांत फिल्टर तापवायला जादा डिझेल सोडलं जातं; काम अर्धवट राहिलं की त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढलंय म्हणून खूश होणारे लोक मी पाहिलेत! पातळ ऑइलवर इंजिन चालवलं तर १,३८,००० हा आकडा स्वस्त वाटायला लागेल.

ऑइल ठीक असेल तर पहिला खर्च स्कॅनिंगचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडून तपासण्याचा, हजार-दोन हजारांचा. त्यात फॉल्ट कोड तर घ्याच, शिवाय फिल्टरमध्ये काजळी किती आणि राख किती हेही लेखी मागा. चुलीतलं अर्धवट जळलेलं लाकूड पुन्हा पेटतं, राख पेटत नाही, तसंच हे. काजळी असेल तर सर्व्हिस सेंटर मशीन लावून ती जबरदस्तीने जाळू शकतं. राख असेल तर फिल्टर उतरवून साफ करून घेता येतो. हिशेबासाठी त्याचे २०,००० धरू. फिल्टरची आतली जाळी फुटली किंवा वितळली असेल तरच नवा. आणि मूळ दोष ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), डिझेल फवारणारा इंजेक्टर किंवा प्रेशर सेन्सरमध्ये असेल, तर नवाकोरा फिल्टरही काही महिन्यांत चोंदणार. म्हणून "कारण काय?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय बदलण्याच्या एस्टिमेटवर सही नको. वॉरंटीचे कागदही काढा; बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत एमिशन वॉरंटीचं (धुराशी संबंधित भागांच्या हमीचं) वेगळं पान असतं. विम्याची आशा मात्र धरू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाहीत, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असलं तरी.

२८,०००चा पर्याय मी यादीतूनच खोडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार चालत नाही, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास १०,०००पर्यंत दंड, शिवाय लायसन्सवर गदा. पैशाच्या अंगानेही तो तोट्याचाच. चांगल्या डीपीएफच्या गाडीचा सायलेन्सर आतून स्वच्छ असतो. जाणकार गिऱ्हाईक तिथं बोट फिरवतं, काळं लागलं की निम्मा सौदा तिथंच मोडतो. आणि तो धूर जातो आपल्याच सोसायटीतल्या पोरांच्या नाकात.

दिरांचा सल्ला आकड्यांत मांडू. सव्वाबारा लाखांची नवी गाडी, ५.२५ लाख एक्स्चेंज, ७ लाखांचं कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे १४,७०० आणि एकूण व्याज १.८२ लाख. त्यावर पावणेसातची गाडी सव्वापाचला दिल्याचे दीड लाख. म्हणजे दिव्याच्या धसक्याने सव्वातीन लाख जाणार.

पण दीर एका बाबतीत बरोबर आहेत: ही गाडी आता तुमच्या कामाची राहिलेली नाही. महिन्याला ५०० किलोमीटर, डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज तुमच्या १७ पेक्षाही चढं, १८ धरलं तर खर्च २,५००. तेवढ्याच अंतराला पेट्रोल १०४ रुपये आणि १४च्या ॲव्हरेजने ३,७००. डिझेलमुळे वाचतात महिना बाराशे, वर्षाला १४,४००. १,३८,०००चा फिल्टर वसूल व्हायला साडेनऊ वर्षं लागतील!

तेव्हा क्रम असा ठेवा: स्कॅन, मूळ दोष, साफसफाई, आणि दिवा गेल्यावर धडधाकट गाडी म्हणून विक्री, दुरुस्तीची बिलं दाखवून. तोवर रविवारी सकाळी हायवेला अर्धा तास फेरी मारा. पुढची गाडी पेट्रोल आणि जुनीच, विक्रीच्या पैशात बसेल अशी.

खर्च २५,०००च्या आत राहिला तर एफडीला हात लावू नका. दोन महिन्यांच्या बचतीतून भागवा, फार तर एक-दोन महिने एसआयपी थांबवा. पूर्ण १,३८,००० एफडीतून काढले तर साडेपाच महिन्यांची तरतूद तीन महिन्यांच्याही खाली येते, घरात दोन वयस्कर माणसं असताना. पर्सनल लोन तर नकोच.

स्कॅनमध्ये जाळी फुटल्याचं किंवा इंजेक्टरचं निघालं, तर विक्रीचं गणित पुन्हा मांडावं लागेल. तेव्हा कोडचा कागद आणि दोन ठिकाणची लेखी एस्टिमेट पाठवा, आणि डीलरला तोपर्यंत टोकन घेऊ देऊ नका.