सिलिंडर नंबर आणि डेली लेन्स : तुमचे प्रश्न

सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसल्यामुळे येणारा नंबर, असेल तर रोज घालून रोज टाकायच्या लेन्स चालतात का, यावर इतके प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. चालतात, अगदी छान चालतात. फक्त चष्म्याचा नंबर बघून बॉक्स मागवला आणि घातला असं यात करू नका, लेन्स तुमच्या डोळ्यात गेल्यावर कशी बसते ते कुणीतरी मशीनवर बघावंच लागतं. खालच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : ताई, माझा उजव्या डोळ्याचा नंबर -2.50, सिलिंडर -1.25, ॲक्सिस 170 आणि डाव्याचा -2.25, सिलिंडर -1.75, ॲक्सिस 20 आहे. डेली टॉरिक, म्हणजे सिलिंडरवाल्या, लेन्स घालते. सकाळी एकदम क्लिअर दिसतं, पण दुपारनंतर लॅपटॉपवर बसलं की अक्षरं मधूनच धूसर होतात, डाव्या डोळ्याने जास्त, आणि पापण्या मिचकावल्या की परत ठीक. चष्म्याने सगळं नीट दिसतं. नंबर वाढला असेल का?

उत्तर : चष्म्याने नीट दिसतंय ना, मग नंबर वाढल्याची काळजी आधी बाजूला ठेवा. तुमची लेन्स एकतर फिरतेय नाहीतर कोरडी पडतेय, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं दोन्ही होतंय.

बघा, साधा नंबर असला की लेन्सची पॉवर सगळ्या दिशांना सारखी असते, मग ती डोळ्यात कितीही गोल फिरली तरी दिसण्यात फरक पडत नाही. सिलिंडरमध्ये कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई दोन दिशांना वेगवेगळी असते, चमच्याची पाठ कशी लांबीच्या बाजूने कमी वळलेली आणि रुंदीच्या बाजूने जास्त वळलेली असते तशी. त्यामुळे टॉरिक लेन्समध्येही पॉवर दिशेप्रमाणे बदलते आणि ती दिशा कुठली हे ॲक्सिसच्या आकड्यावरून कळतं, 1 ते 180 मधला तो आकडा. चष्म्याची काच फ्रेममध्ये पक्की बसलेली असते, ती कुठे फिरणार, पण लेन्स अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत असते आणि दर वेळी पापणी मिटली की तिला थोडा धक्का बसतो.

आता हिशोब बघा. लेन्स 1 अंश फिरली की सिलिंडरचा साधारण 3 टक्के फायदा जातो, 10 अंश फिरली की एक तृतीयांश जातो, आणि 30 अंश फिरली तर सिलिंडरची लेन्स घातल्याचा काहीच उपयोग राहत नाही. ज्यांचा सिलिंडर -0.75 आहे त्यांना 10 अंशांनी पाव नंबरचा फरक पडतो, बऱ्याच जणांच्या तो लक्षातही येत नाही. तुमच्या डाव्या डोळ्यात -1.75 आहे, तिथे त्याच 10 अंशांत जवळजवळ 0.60 एवढा सिलिंडर उरतो आणि तेवढ्यात अक्षरांना सावली येते. डावा जास्त त्रास देतोय तो बहुतेक म्हणूनच.

लेन्स फिरू नये म्हणून काही कंपन्या तिचा खालचा भाग जरा जाड करतात, काही जण वरची आणि खालची कड पातळ ठेवून जाडी दोन्ही बाजूंना ठेवतात. लोकांना वाटतं जाड भाग वजनाने खाली जातो, पण खरं काम पापण्या करतात, त्या मिटताना जाड भागाला पुढे ढकलतात आणि लेन्स आपल्या जागी येते. म्हणून पापणी किती घट्ट आहे, डोळ्याचा आकार कसा आहे यावर सगळं ठरतं आणि एकीच्या डोळ्यात खिळ्यासारखी बसणारी लेन्स दुसरीच्या डोळ्यात डोलत राहते. त्यात स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी मिटतो, मिटल्या तरी अर्ध्याच मिटतो, मग लेन्स सुकते, जरा सरकलेली असली तर तिथेच चिकटून राहते आणि तुम्ही नीट मिचकावलं की ओली होऊन परत जागेवर येते. तुम्हाला होतंय ते अगदी हेच.

तर आता करायचं काय? पहिलं, काम करताना मधून मधून पापण्या पूर्ण मिटायची सवय लावा, वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे. लेन्सवर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स मिळतात, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, लेन्स दाखवायला दुपारी उशिरा जा, त्या घालूनच जा, सकाळपासून डोळ्यात असलेल्या. सकाळी नवीन लेन्स घालून गेलात तर तपासणाऱ्याला सगळं छानच दिसणार आणि तुम्हाला ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून परत पाठवणार. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या मशीनखाली, लेन्सवरची बारीक खूण दिसते, ती किती अंश सरकलीये ते मोजता येतं. लेन्स दर वेळी एकाच बाजूला तेवढीच सरकून तिथे शांत बसत असेल तर प्रश्न सोपा आहे, ऑर्डर करताना ॲक्सिस तेवढा बदलून घ्यायचा. तपासणाऱ्याच्या डावीकडे खालची खूण सरकली असेल तर तेवढे अंश मिळवायचे, उजवीकडे असेल तर वजा करायचे. पण लेन्स कधी इकडे कधी तिकडे होत असेल तर कुठलाही ॲक्सिस लिहून उपयोग नाही, तिथे दुसऱ्या डिझाइनचीच लेन्स ट्राय करायला हवी. ‘सवय होईल’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका, धूसर दिसण्याची सवय का करायची?

अजून एक, तुमच्यासारखे नंबर असणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. डाव्या-उजव्या लेन्सची अदलाबदल होऊ देऊ नका. 170 आणि 20 हे आकडे लांबचे वाटतात, पण 180 नंतर मोजणी परत सुरुवातीला येते त्यामुळे दोघांत अंतर 30 अंशांचंच आहे, म्हणजे अदलाबदल झाली की सिलिंडरचा फायदा गेलाच. अर्थात तसं असेल तर दिवसभर धूसर दिसतं, मिचकावून जात नाही. बॉक्सवर मार्करने मोठं डा आणि उ लिहून ठेवा, झालं.

प्रश्न : माझ्या नवीन लेन्सवर खालच्या कडेला एक बारीकशी रेघ दिसते, सगळ्याच लेन्सवर आहे. डिफेक्टिव्ह बॉक्स आला का? आणि घालताना ती रेघ खालीच यायला पाहिजे का?

उत्तर : डिफेक्ट नाही, वर सांगितलेली खूण तीच. ती तपासणाऱ्यासाठी असते, तुम्हाला तिच्यातून बघायचं नसतं म्हणून ती मधे न टाकता कडेला टाकतात, आणि काही लेन्सवर ती खाली नसून दोन्ही बाजूंना असते. रेघ साधारण तिच्या जागी धरून घातली तर लेन्स लवकर स्थिरावते, नाही धरली तरी पापण्या मिटता मिटता ती आपोआप वळते. पहिल्या मिनिटात धूसर दिसलं म्हणून लगेच काढू नका. दहा मिनिटांनीही तसंच असेल तर लेन्स उलटी तर घातली नाही ना ते बघा, बोटावर ठेवल्यावर कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या पाहिजेत, बाहेर पसरल्या तर उलटी आहे.

प्रश्न : चष्म्याचा नंबर -6.00, सिलिंडर -1.00, ॲक्सिस 180. लेन्सच्या बॉक्सवर मात्र -5.50, सिलिंडर -0.75, ॲक्सिस 180 आहे. दोन्ही आकडे कमी कसे? चुकीचा बॉक्स दिला असं वाटतंय, दुकानात भांडायला जाणार आहे.

उत्तर : जाऊ नका, बरोबर दिलाय. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असते आणि लेन्स थेट डोळ्यावर, मग मायनस नंबर जितका मोठा तितकी लेन्समध्ये पॉवर कमी लागते. 4 नंबरच्या पुढे हा फरक धरावाच लागतो. तुमच्या केसमध्ये -6.00 चे डोळ्यावर -5.60 च्या आसपास होतात. दुसऱ्या दिशेला -6.00 आणि -1.00 मिळून -7.00 आहेत, त्याचे -6.45 होतात. दोघांतला फरक 0.85 च्या जवळ, म्हणजे सिलिंडरही आपोआप कमी झाला. आता डेली टॉरिकमध्ये सिलिंडर सहसा -0.75, -1.25, -1.75, -2.25 अशाच टप्प्यांत मिळतो, त्यातला जवळचा -0.75. कुणीतरी नीट हिशोब करून दिलंय तुम्हाला.

यावरून अजून एक सांगते. काही डॉक्टर सिलिंडर प्लसमध्ये लिहितात आणि लेन्स मायनसमध्ये येतात. कागदावर -2.00, सिलिंडर +1.00, ॲक्सिस 90 असेल तर लेन्सच्या भाषेत तोच नंबर -1.00, सिलिंडर -1.00, ॲक्सिस 180 होतो. म्हणजे एकही आकडा जुळत नाही आणि नंबर मात्र तोच! कागद समोर ठेवून स्वतःच ऑनलाइन ऑर्डर करणारे इथे हमखास गडबडतात. लेन्सचा वेगळा कागद मागून घ्या, त्यावर बेस कर्व्ह (लेन्सची गोलाई), डायमीटर (लेन्सची रुंदी) आणि लेन्सचं नाव पण असतं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. नंबर -3.00 आणि सिलिंडर फक्त -0.50. मैत्रीण म्हणते साध्याच डेली घे, टॉरिक महाग पडतात. चालेल का?

उत्तर : तुझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे. सिलिंडरचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवतात, म्हणजे -3.25 ची साधी लेन्स, आणि -0.50 पर्यंत बहुतेकांना तेवढं पुरतं. -0.75 पासून पुढे मी टॉरिकच सुचवते. पण आकड्यावरच जाऊ नकोस, ट्रायल घालून रात्री बाहेर बघ, दिव्यांना शेपट्या फुटताहेत का, लांबच्या पाट्या वाचताना कपाळाला आठ्या पडतात का, दिवसाअखेर डोकं दुखतं का. तसं होत असेल तर टॉरिक ट्राय करून दोन्हीतला फरक स्वतः बघ.

प्रश्न : माझा सिलिंडर -3.50 आहे. डेलीमध्ये मिळणार नाही म्हणाले, हार्ड लेन्स घ्या म्हणतात. हार्ड लेन्स तर सिलिंडरशिवाय असते, मग ती सिलिंडर कसा घालवणार?

उत्तर : चांगला प्रश्न विचारलात. डेली टॉरिक बहुतेक -2.25 पर्यंत, फार तर -2.75 पर्यंत मिळतात, त्यापुढे महिन्याच्या किंवा ऑर्डर देऊन बनवलेल्या सॉफ्ट लेन्स असतात, तो पर्याय पण विचारा. हार्ड लेन्स कॉर्नियाचा आकार घेत नाही, ती स्वतःचा गोल आकार सोडत नाही आणि मधली फट अश्रूंनी भरून निघते, त्यामुळे प्रकाशाला वाकडा कॉर्निया जवळजवळ जाणवतच नाही. पण हे होतं ते सिलिंडर कॉर्नियाचा असेल तरच. डोळ्याच्या आतल्या भिंगामुळे असेल तर साधी हार्ड लेन्स पुरत नाही. थॉमस यंग या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1801 मध्ये स्वतःच्या डोळ्यातला हा दोष सांगितला तेव्हा त्याने डोळा पाण्यात धरून पाहिला होता, पाण्यामुळे कॉर्नियाची पॉवर जवळजवळ निघून जाते, तरी दोष राहिला, म्हणजे त्याचा दोष आतल्या भिंगाचा होता. तुम्हाला पाण्यात डोळा बुडवायची गरज नाही, कॉर्नियाची गोलाई मोजून ती नंबराशी ताडून बघतात आणि कळतं.

तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण सिलिंडर अलीकडेच भराभर वाढला असेल, ॲक्सिस दर वेळी बदलत असेल आणि डोळे चोळायची सवय असेल तर लेन्सच्या आधी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्या. केराटोकोनस नावाचा आजार असाच सुरू होतो, कॉर्निया पातळ होत पुढे येतो, आणि लवकर कळला तर त्याला थांबवायचे उपचार आहेत. हे खरंच टाळू नका, आणि डोळे चोळणं आजच बंद करा.

प्रश्न : फंक्शनपुरती दोन-तीन तास लेन्स घातली तर ती पाकिटातल्या पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी वापरली तर काय बिघडतं? नवीन लेन्स फेकायला जीव होत नाही.

उत्तर : तुमचा जीव होत नाही हे समजतं मला, तरी फेकाच. पाकिटातलं पाणी म्हणजे सलाइन, त्याने लेन्स ओली राहते, जंतू मरत नाहीत. एकदा बोट लागलं, डोळ्यात जाऊन आली की ती लेन्स त्या पाण्यात ठेवणं म्हणजे जंतूंना रात्रभर वाढायला वेळ देणं. डेली लेन्स चोळून धुवायला बनवलेल्या नसतात, त्या लगेच फाटतात. आणि नळाचं पाणी तर अजिबात नको, त्यात अकॅन्थामिबा नावाचा जीव असू शकतो, तो कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने औषधं घालावी लागतात आणि नजर जाऊ शकते. म्हणूनच लेन्स घालून पोहणं, अंघोळ, हे पण नको.

खर्च वाचवायचा असेल तर आठवड्यातून मोजके दिवस लेन्स घाला, बाकी चष्मा. रोज दिवसभर घालणार असाल तर महिन्याच्या टॉरिक घेऊन रोज सोल्युशनने नीट धुणं हाही चांगला मार्ग आहे. मात्र डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा लेन्स काढूनही धूसर दिसत राहिलं तर परत लेन्स घालायची नाही, घरातले जुने ड्रॉप्स टाकायचे नाहीत, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे.

प्रश्न : कुशीवर पडून मोबाईल बघताना टॉरिक लेन्समधून तिरकं-धूसर दिसतं, उठून बसलं की ठीक. लेन्स बदलू का?

उत्तर : नको. आडवं पडल्यावर लेन्स थोडी कलते, काही डिझाइनमध्ये जास्त कलते, बसून दोन-चारदा पापण्या मिटल्या की जागेवर येते. बसल्यावर नीट दिसतंय म्हणजे फिटिंग ठीक आहे. पडून वाचायची रोजची सवयच असेल तर पुढच्या तपासणीत सांगा, कमी कलणारं डिझाइन ट्राय करता येईल. आणि पडल्या पडल्या डोळा लागायच्या आत लेन्स काढून टाका, दुपारची डुलकी असली तरी.